विमा वाढवला

आमच्या दुकानात 'बंद' हा शब्द चालत नसे. संध्याकाळी फळ्या लावायच्या, तर दुकान वाढवलं म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बायकोच्या हातातली बांगडी पिचली तर तीही वाढवली. जे संपतं त्याला संपलं म्हणू नये, हे वडिलांनी मला धुळाक्षरं गिरवण्याआधी शिकवलं होतं. रीत चांगली आहे, तिची थट्टा करणाऱ्यांशी मी आजही भांडतो. पण या एका शब्दाआड मी एकदा लपायला गेलो, आणि ते सांगायला इतकी वर्षं धीर झाला नाही.

सन तीस उलटून काही वर्षं झाली होती. नाशकात मेन रोडला माझं कागदाचं दुकान होतं. पुढे वह्या, चोपड्या, दौती, टाक. मागच्या खोलीत पुस्तकबांधणी. बांधणीला खळ लागते, खळीला शेगडी, आणि शेगडीच्या चारी बाजूंना कागदच कागद. म्हणून वडिलांच्या वेळेपासून दुकानाचा आगीचा विमा होता. तो उतरवणारे गृहस्थ पंचवटीत राहत. शाळेतली कारकुनी सोडून ते या धंद्यात पडले होते. वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणे. विम्याची मुदत दरसाल संक्रांतीच्या सुमारास संपे. मग पौषातसुद्धा काखेत छत्री आणि हातात तिळगुळाची पुडी घेऊन काका पूल ओलांडून यायचे.

कागदपत्रांना हात लावण्याआधी ते तडक मागच्या खोलीत जात. नाकाने हवा हुंगत. शेगडी फरशीच्या पुढे सरकलेली दिसली की छत्रीच्या टोकाने ती मागे ढकलत आणि माझ्याकडे असं बघत, की मी परत बिगरीत जाऊन बसे. त्यांचा खरा जीव मात्र नामावळ्यांत. त्र्यंबकचे आणि आमच्या रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांची नावं ज्या चोपड्यांत लिहून ठेवतात, त्या जीर्ण झाल्या की बांधणीला माझ्याकडे येत. काका स्वतःच्या हातांनी त्या उचलून दगडी कोनाड्यात ठेवत. म्हणत, "कागद जळला तर कंपनी भरून देईल रे. कुणाच्या खापरपणज्याचं नाव जळलं तर ते कुठून आणायचं?"

असा माणूस मी सोडायला निघालो होतो.

कारण सांगतो. नाशिकरोडकडून सायकलवर एक तरुण एजंट येऊ लागला होता. डोक्यावर टोपी, पण काळी नव्हे, साहेबी. बोलणं चटचटीत. त्याचा दर कमी होता, कंपनी देशी होती, आणि काकांची विलायती. मी चारचौघांत स्वदेशीचं कारण पुढे केलं. खरं म्हणजे मला दर आवडला होता आणि ती टोपीही. मी त्याला शब्द देऊन बसलो.

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "अहो, काकूंनी हळदीकुंकवाला काय सांगितलं ते विसरलात? यंदा काकांची चार गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. आणखी एक गेलं तर मुंबईची कचेरी त्यांची एजन्सी काढून घेणार आहे."

"त्याला मी काय करू?"

"काही करू नका. पण सोडायचं तर तोंडाने सांगून सोडा. माणूस दाराशी यायचा आणि तुम्ही कोनाड्यात लपायचे, असं नको."

ती मला ओळखून होती. भीड भिकेची बहीण म्हणतात, आमच्याकडे ती सख्खी होती. काकांच्या दारावर एजन्सीची पितळी पाटी होती. काकू ती दर दसऱ्याला चिंचेने घासून लखलखीत करत. पंचवटीत लोक पत्ता सांगताना 'पाटीच्या अलीकडे, पाटीच्या पलीकडे' असं सांगत. ती पाटी माझ्या एका वाक्याने उतरणार होती, आणि ते वाक्य मी आठवडाभर घोकत होतो. काका, मी यंदा दुसरीकडे जातो. सोपं आहे. आरशासमोर मला ते उत्तम येई.

काका आले. शेगडी ढकलली, नामावळ्या पाहिल्या, गादीवर बसून पाणी प्याले, दौत जवळ ओढली. मी घसा साफ केला. साप मरावा आणि काठीही तुटू नये, अशा बेताने म्हणालो, "काका, यंदा विमा वाढवावा म्हणतो."

मला म्हणायचं होतं, दुकान वाढवतात तसा. संपवावा.

काकांचा टाक दौतीवर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाले, "किती वाढवायचा?"

नाही, काका, तसं नव्हे, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. मी नुसता हात हलवला.

"फार नको," ते म्हणाले. "थोडाच वाढवू. तुला झेपेल इतका." आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहायला घेतलं. मी सही केली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"कोणत्या शब्दांत?"

मी शब्द सांगितले, काकांचं उत्तरही सांगितलं. ती पदर तोंडात कोंबून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं झालं." मला मात्र हसू येईना. दुसऱ्या दिवशी टोपीवाला आला. त्याला 'यंदा नाही' म्हणताना मला कसलीच अडचण आली नाही, हेही लिहून ठेवतो. परक्याला नाही म्हणायला काय लागतं! तो बिचारा एवढंच म्हणाला, "आधी सांगितलं असतं, तर माझी सायकलवरची एक खेप तरी वाचली असती."

ते सबंध साल मी काकांवर मनातल्या मनात चिडत होतो. म्हाताऱ्याला साधं मराठी कळू नये! ते मात्र अधूनमधून सहज डोकावत, शेगडी ढकलत आणि जात.

पुढच्या संक्रांतीला काका आले, ते एकटे नव्हते. त्यांच्या मागे सायकल धरून तो टोपीवाला उभा होता.

"याला ओळखतोस ना?" काका म्हणाले. "गेल्या साली तू याला शब्द दिला होतास."

"तुम्हाला... ठाऊक होतं?"

"अरे, नाशिक केवढं ते! मेन रोडला शिंकलं तर पंचवटीत शतंजीव म्हणतात."

"मग मी वाढवायचा म्हणालो, तेव्हा..."

"अर्धा जन्म दुकानदारांत गेला माझा. वाढवणं म्हणजे काय ते मला तू शिकवणार?" ते हसत होते, पण आवाज जरा जड होता. "मला एक साल हवं होतं. कचेरीच्या पत्राने पाटी उतरली असती, तर ते मला सोसलं नसतं. म्हणून तुझा शब्द मी दुसऱ्या बाजूने धरला. पाटी आज सकाळी माझ्या हाताने उतरवली. आता मीही वाढवलं. तुझ्या अर्थाने."

मी मान खाली घातली. काका त्या तरुणाला मागच्या खोलीत घेऊन गेले. मला आवाज ऐकू येत होता. "हा दगडी कोनाडा. नामावळ्या इथेच हव्यात. शेगडी या फरशीच्या पुढे आली तर रागव त्याला. भिऊ नकोस, तो भिडस्त आहे." टोपीवाल्याने टोपी काढून बगलेत धरली होती. वाकून तो फरशी पाहत होता.

निघताना काकांनी पुडी सोडली आणि माझ्या तळहातावर चार दाणे ठेवले.

"तिळगूळ घे," म्हणाले आणि थांबले. पुढचं 'गोड बोल' येईल म्हणून मी वाट पाहत राहिलो.

"पुढचं तुला नाही म्हणत," ते म्हणाले. "ते तुला फार येतं. यंदा जरा कडू बोलायला शीक."

मी तिथेच, फळीशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांदेखत वाकून त्यांना नमस्कार केला. "चुकलो, काका," म्हणालो. वर्षभर न जमलेलं साफ मराठी त्या दिवशी एवढंच जमलं.