ओट्याखालची बालदी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत भांडकुदळ माणसांचा कधीच तुटवडा नव्हता, पण समोरच्या ब्लॉकमधल्या डॉक्टरांसारखा चिडका माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. चांगले सर्जन होते. पण ऑपरेशनं बाजूला ठेवून दोन वर्षं संशोधन शिकायला बसले होते. भाजल्यावर कातडीच्या आत काय होतं, हा विषय. दिवसभर प्रयोगशाळेत पांढरे उंदीर आणि संध्याकाळी डाफरायला आम्ही. त्यांची आईसुद्धा "आमचो झील उंदरांचो डॉक्टर" म्हणून कपाळाला हात लावायची. भाजल्याबरोबर पाणी ओतलं तर आतली कातडी वाचते, म्हणून प्रत्येक ओट्याखाली एक बालदी कायम भरलेली हवी, असा त्यांचा हुकूम. साल त्र्याऐंशी, नळाला पाणी सकाळी तासभर, आणि यांना बालदी राखीव! सत्यनारायणाच्या प्रसादाला आले तरी आधी स्वयंपाकघरात घुसून ओट्याखाली वाकायचे. एकदा माझ्या बालदीत भिजवलेल्या चादरी दिसल्या, तर पाहुण्यांसमोर गरजले, "वहिनी, उद्या भाजलात तर चादर गुंडाळून बसणार काय?" मीही ऐकवलं, "तुमच्या उंदरांना शिकवा!" आठवडाभर अबोला. पुढे मी बालदी भरून ठेवायला लागले, ती निव्वळ कटकट नको म्हणून.

त्याच दिवाळीत चकल्या तळताना झारा निसटला आणि उकळतं तेल माझ्या हातावर उडालं. सासूबाई शाईची दौत घेऊन धावल्या, शेजारीण टूथपेस्ट घेऊन. तेवढ्यात डॉक्टर घुसले, अर्ध्या गालावर दाढीचा फेस. दौत भिरकावली, माझा हात बालदीत बुडवला आणि धरूनच बसले. "हात हलवलंस तर बघ! गप बस थंयच!" हात बधिर झाला, मला रडू फुटलं, तरी सोडेनात. पुढे डागसुद्धा राहिला नाही.

भाजल्यावर किती उशिरापर्यंत पाणी उपयोगी पडतं, याचं उत्तर अर्धंच हाती आलं होतं आणि त्यांची मुदत संपत आली. ती वाढवून मिळावी म्हणून डॉक्टर मला चक्क पुरावा म्हणून वरच्या साहेबांकडे घेऊन गेले. साहेबांनी चष्मा लावून माझा हात उलटसुलट पाहिला.

"इथे तर काहीच नाही."

"तेच दाखवायला आणलंय ना!" डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा शिपाई आत आला.

साहेब हसले. "पाण्यावर कसलं संशोधन करता? ऑपरेशनला उभे राहा."

माझं डोकंच फिरलं. हात विद्रूप झाला असता तर मेल्याने डोळे भरून पाहिला असता! घरी येईपर्यंत मीच शिव्या घालत होते आणि डॉक्टर गप्प. त्यांना गप्प मी तेव्हा प्रथमच पाहिलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. महिन्याभरात ते दूरच्या कुठल्याशा इस्पितळात निघून गेले.

माझ्या ओट्याखाली बालदी अजून भरलेली असते. जागा अडते म्हणून सून कुरकुरते. मी बाही वर करून तिला हात दाखवते. ती वाकून बघते आणि म्हणते, "आई, इथे तर काहीच नाही."

अशा वेळी फार वाटतं, समोरचं दार उघडावं आणि कुणीतरी तिच्यावर जोरात ओरडावं.