अर्ध्या दिवसाची सुट्टी

गेटाशेजारच्या भिंतीवर हजेरीचं यंत्र होतं. कंपनीची वीज तोडल्यापासून ते बंदच होतं. तरी चाचा रोज सकाळी त्यावर अंगठा टेकवायचे, क्षणभर थांबायचे आणि मग शर्टाला अंगठा पुसून गेटासमोरच्या मोडक्या खुर्चीत बसायचे. डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट. कुणी हटकलं तर उत्तर ठरलेलं, “मी कामावर हाय.”

कुवेतमधल्या शुवैखच्या गॅरेजांच्या गल्लीतून तुम्ही कधी गेला असाल तर त्यांना पाहिलंही असेल. म्हातारा डोक्यानं गेलाय, असंही वाटलं असेल. मला मात्र तसं कधी वाटलं नाही.

मी समोरच्या टायरच्या गोदामात काम करतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. कुवेतला आलो तेव्हा पहिला पगार हातात येईपर्यंत माझं दुपारचं जेवण चाचांच्या डब्यातून चालायचं. तांदळाची भाकरी आणि सुका बांगडा. मूळचे ते रत्नागिरीकडच्या खाडीवरचे, इथे समोरच्या कंपनीत क्रेनचे मेकॅनिक. मी शिकलेला म्हणून मला ‘मास्तर’ म्हणायचे. “खा मास्तर. उपाशी पोटानं हिशोब चुकतात.”

मग त्यांच्या मालकानं पगार थकवले, आणि एके दिवशी गेटाला कुलूप लावून तो गायबच झाला. थोड्या दिवसांनी त्याचा माणूस विमानाची तिकिटं घेऊन आला. ‘सगळं मिळालं’ अशी सही करा आणि घरी जा. बाकीच्यांनी रडत, शिव्या देत सह्या केल्या. चाचांनी पेन परत दिलं.

“मिळाला नाय तर मिळाला म्हणून कसा लिवू? खोटा?”

“मग बस इथंच,” तो माणूस म्हणाला. “पळून गेला म्हणून तक्रार करतो तुझी.”

ही धमकी पोकळ नव्हती. कामगार पळाला अशी नोंद झाली की त्याचा व्हिसा जातो आणि थकलेला पगारही बुडाल्यातच जमा. म्हणून चाचा पळालेच नाहीत. कामगार खात्यात त्यांनी थकलेल्या पगारासाठी अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवर हजर झाले. संध्याकाळी रिग्गई भागातल्या खोलीत गाववाल्यांचा स्वयंपाक करायचे, त्या बदल्यात दोन घास आणि झोपायला जागा.

ड्युटी त्यांनी चोख केली. शुक्रवारी सुट्टी. चहा फक्त चहाच्या वेळेला. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला इथे सरकारची मनाई असते, तेवढा वेळ ते आमच्या गोदामात येऊन टायरांवर पडायचे. आमचा केरळी ड्रायव्हर चेष्टा करायचा, “चाचा, काम तो है ही नहीं, फिर बंदी किसकी?” चाचा डोळे न उघडता म्हणायचे, “कायदा सबके लिए है.”

गावाहून चाचीचा फोन आला तर दबक्या आवाजात, “कामावर हाय, मागाहून बोलतंय,” आणि फोन बंद. कंपनीला कुलूप लागल्याचं त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. “पगार जरा लांबलाय,” एवढंच.

रजा मात्र ते माझ्याकडे मागायचे. “दुसरा कोन हाय विचारायला? तू शिकलेला. दवाखान्यात जातंय, जाऊ काय?” मी साहेबासारखा चेहरा करून म्हणायचो, “जा, मंजूर.” ते हेल्मेटला हात लावून सलाम ठोकायचे. दोघंही हसायचो.

ऑगस्टमधल्या एका सकाळी ते गोदामाच्या दारात आले. ओठ पांढरे पडले होते. “मास्तर, छातीत दुखतंय. अर्धा दिवस सोड. दुपारनंतर येतंय.”

त्या दिवशी आम्ही हसलो नाही. मी ड्रायव्हरला गाडी काढायला लावली. गाडीत बसता बसता चाचांनी हेल्मेट काढून खुर्चीवर ठेवलं, एखाद्यानं जागा धरून ठेवावी तसं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांना इथल्याच मातीत दफन केलं. पहिली मूठ मी टाकली.

हिवाळ्यात सरकारनं कंपनीची अनामत रक्कम जप्त केली आणि त्यातून चाचांच्या अर्जावरचा थकलेला पगार चुकता केला. सह्या करून गेलेल्यांना काही मिळालं नाही. चाचांचे पैसे चाचीच्या खात्यावर गेले. कंपनी बंद पडली त्या दिवसापर्यंतचे. खुर्चीतल्या दिवसांना हिशोबात जागा नव्हती.

चाचीचा मला फोन आला. आवाज शांत होता.

“मास्तर, पैसं पोचलं. पन ह्यो मागचा पगार झाला. पुढचा कुठं हाय? ते तर रोज कामावर व्हते ना?”

समोर गेट दिसत होतं. खुर्ची कुणीतरी उचलून नेली होती. भिंतीवरच्या यंत्रावर धुळीचा थर बसला होता. फक्त अंगठ्याएवढी जागा बाकीच्यापेक्षा जरा कमी मळलेली होती.

“होते, चाची,” मी म्हणालो. “रोज होते. शेवटच्या दिवशी तेवढी अर्धी सुट्टी घेतली. तीही विचारून.”