कार्बोरेटरला खोबरेल

खोबरेल तेल केसांना लावतात, बाळाच्या टाळूवर थापतात, केरळात म्हणे त्यात मासेही तळतात. पण ते स्पोर्ट्स कारच्या कार्बोरेटरमध्ये घालत नाहीत, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तेही घालून झाल्यावर तीन महिन्यांनी.

आता मी अडुसष्टची आहे, दोन नातवंडांची आजी आहे आणि पुरेशी शहाणी झाले आहे. पण त्या एकसष्ट वर्षांच्या पोरीचं काय सांगू! आपल्याला सगळं येतं असं तिला वाटायचं. त्या वयात वाटतंच.

गाडी आमच्या ह्यांची. दोन सीटची, टप नसलेली, बुटकी, गर्द हिरवी विलायती गाडी. असली दुसरी अख्ख्या जिल्ह्यात नाही. फार वर्षांपूर्वी ह्यांना ती दिंडोरीकडच्या एका बागायतदाराच्या शेडमध्ये, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटखाली सापडली. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. बागायतदार म्हणाला, "गाडी खुशाल न्या, पण पिल्लं निघूस्तोवर तिला उठवायचं नाय." हे दर रविवारी स्कूटरवरून कोंबडीची ख्यालीखुशाली विचारायला जायचे. माझ्या बाळंतपणात इतक्या चकरा मारल्या नव्हत्या.

हे ओझरला विमानाच्या कारखान्यात होते. तिथली एक शिस्त त्यांनी घरी आणली. विमानाला हात लावला की वहीत लिहायचं: काय केलं, कधी केलं, आणि खाली सही. एकदा सही झाली की पुढचा माणूस त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण त्या सहीच्या जोरावर कुणीतरी आकाशात जाणार असतं. आमची गाडी जास्तीत जास्त दिंडोरी रोडपर्यंत जाणार असते, पण तिचीही लाल पुठ्ठ्याची वही पोर्चमध्ये खिळ्याला टांगलेली. काच पुसली तरी नोंद. निवृत्तीनंतर ह्यांनी मला हाताखाली घेतलं आणि दोन वर्षं प्लग घासून घेतल्यावर सही करण्याचा अधिकार दिला. लग्नाच्या नोंदणीतसुद्धा मी इतक्या रुबाबात सही केली नव्हती.

त्या वर्षी नवरात्रात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पुण्याला मुलाकडे. मी घट बसवलेले म्हणून घरी. खंडेनवमीला हत्यारांची आणि गाडीची पूजा असते, आणि पूजेआधी गाडीची सगळी तपासणी झालीच पाहिजे, हा ह्यांचा नेम. डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस फोनवरून एकेक काम सांगत होता. "आणि डॅशपॉटचं तेल बघ. कमी असेल तर चमचाभर घाल."

डॅशपॉट म्हणजे कार्बोरेटरच्या डोक्यावरचं उभं नळकांडं, वर पितळेची टोपी. आपल्या गाडीला दोन कार्बोरेटर, म्हणून नळकांडीही दोन. आत एक दट्ट्या असतो. अॅक्सिलरेटर दाबला की तो हळूहळू वर उचलला जातो आणि इंजिनाला हवा मिळते. त्याने उगाच उड्या मारू नयेत म्हणून त्याच्यावर चमचाभर पातळ, स्वच्छ तेल. समईसारखंच, फक्त वात नाही.

टोप्या उघडल्या, तर दोन्ही समया कोरड्या. त्या तेलाची बाटलीही रिकामी. आणायचं तर शहरातल्या द्वारकेच्या चौकात जायला हवं, आणि सणाच्या दिवशी त्या गर्दीत शिरणं म्हणजे परतीची वेळ देवावर सोडणं. मी आत आले. ड्रेसिंग टेबलवर खोबरेलाची बाटली. ऑक्टोबरच्या उकाड्यात तेल कसं, पाण्यासारखं पातळ, आरपार दिसणारं. चाळीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला तेलातलं कळत नाही होय? दोन चमचे घातले, टोप्या लावल्या, वहीत लिहिलं, "डॅशपॉटचे तेल भरले. ठीक." खाली झोकदार सही. मग गाडीला झेंडूचा हार घातला आणि स्वतःवर खूश होऊन श्रीखंड खाल्लं.

गाडी छान पळाली. दिवाळीतही पळाली. मग थंडी पडली.

रविवारी सकाळी दिंडोरी रोडला मिसळ खायला जाणं हा आमचा कुळधर्म. त्या रविवारी गाडी सुरू झाली, जागेवर गुरगुरली, पण अॅक्सिलरेटर दाबला की खोकायची आणि धाप लागल्यासारखी करायची. म्हसरूळ ओलांडून चढाला लागलो तर वेग असा, की मागून औषध फवारणीचा ट्रॅक्टर आला आणि आम्हाला ओलांडून गेला. चालवणाऱ्याने वळून पाहिलं, थांबला. "आजोबा, दोर बांधू का? मी जातोय ढकांब्याला."

ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं. स्पोर्ट्स कारच्या मालकाला ट्रॅक्टरने ओढून नेणं म्हणजे वाघाला शेळीने दूध पाजणं. रस्त्याकडेला दहा मिनिटं उभे राहिलो, मग गाडी जणू काही झालंच नाही अशी सुसाट निघाली. येताना तर फारच गुणी.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. सकाळी दमेकरी, दुपारी हरीण. ह्यांनी पोर्चमध्ये वर्तमानपत्र अंथरून एकेक भाग उतरवला. प्लग बदलले, पेट्रोलची टाकी धुतली, पंप खोलला, नळ्या फुंकल्या. कामाला बसायचे ते ऊन पोर्चमध्ये आल्यावर, जेवणाच्या वेळेला. तोवर गाडी ठणठणीत. आणि वहीत डॅशपॉटपुढे माझी सही होती, त्यामुळे ती टोपी तेवढी त्यांनी उघडली नाही. मी शेजारी बसून पाना देत होते आणि वर सल्लेही. "पेट्रोलमध्येच भेसळ असेल हो," असं ती एकसष्ट वर्षांची हुशार बाई दर दोन दिवसांनी म्हणायची.

शेवटी द्वारकेजवळचा मिस्त्री बोलावला. निफाडकडचा माणूस, ह्यांना गुरू मानणारा. तोही दुपारीच आला. एक चक्कर मारून म्हणाला, "काका, गाडीला काय बी झालेलं नाय. लय भारी चालती."

"सकाळी चालत नाही."

"मंग सकाळचं झोपा की जरा. ह्या वयात कुठं थंडीत फिरता!"

तो हसला, पण हे हसले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "पूर्वी इंजिनाचा आवाज ऐकून मी सांगायचो, कुठं दुखतंय ते. आता काही ऐकू येत नाही गं. ही सांगत असेल, मलाच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं फीलर गेज त्या मिस्त्रीला देऊन टाकलं. बारीक फट मोजायची पोलादी पात्यांची जुडी, नोकरीच्या पहिल्या वर्षापासून खिशात असलेली. मला ती खिशात टोचायची म्हणून आम्ही चार वेळा भांडलो आहोत. आता तो खिसा सपाट. आणि दोन दिवसांनी जेवताना, भाजीत मीठ कमी आहे अशा आवाजात म्हणाले, "पुण्याचा एक जण जुन्या गाड्या जमवतो. रविवारी दुपारी एकला बघायला येतोय. देऊन टाकू. मला जमत नाही आता."

मी म्हटलं, "अहो, गाडी गेल्यावर तुम्ही दिवसभर करणार काय?"

"तुझ्यासारखं. सल्ले देणार."

तो रविवार जानेवारीतला. बागांमध्ये द्राक्षं गारठू नयेत म्हणून पहाटे शेकोट्या पेटवत होते, इतकी थंडी. हे फिरायला गेले. एरवी मी दुपारी न्हाते, पण पाहुणा येणार म्हणून त्या दिवशी सकाळीच न्हायचं ठरवलं आणि डोक्याला तेल लावायला बाटली उलटी केली. थेंब नाही. हलवली. आत पांढरा दगड. दर हिवाळ्यात करतो तेच केलं, बाटली उन्हाला ठेवायला पोर्चच्या कठड्यावर आणली. ऊन अजून आलं नव्हतं. बाटली ठेवली, वळले, आणि समोर गाडी.

मी बाटलीकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. परत बाटलीकडे.

सकाळी तेल गोठतं. उन्हात वितळतं. गरम इंजिनाशेजारी दहा मिनिटं राहिलं तरी वितळतं.

मी तशीच बॉनेट उघडून पहिली टोपी फिरवली. टोपीला आतून जोडलेला दांडा बाहेर येईना. ओढला, तर पांढऱ्या गोळ्यासकट आला. ओल्या नारळाच्या वडीसारखा. दट्ट्या बिचारा त्या वडीखाली अडकून दोन महिने हवेसाठी तडफडत होता, आणि मी भेसळीच्या गप्पा मारत होते.

आता खरं सांगते, पहिला विचार आला तो लबाडीचा. हे यायला अर्धा तास होता. द्वारकेहून केव्हाच आणून ठेवलेलं खरं तेल कपाटात होतं. दोन्ही नळकांडी साफ करावीत, नवं तेल घालावं, मग नमस्कार करून म्हणावं, "बघा, देवाला नवस केला होता." एक नळकांडं मी फडक्याने पुसून लख्ख केलंसुद्धा. दुसऱ्याच्या टोपीला हात घातला आणि थांबले.

कारण ह्यांचं एक वाक्य घरात शेकडो वेळा ऐकलेलं आहे: आपोआप गेलेला बिघाड आपोआप परत येतो. गाडी नुसती बरी झाली असती, तर ह्यांनी ती आणखी घाईने विकली असती. का बिघडली ते सापडत नाही आणि का सुधारली तेही सापडत नाही, म्हणजे आपण संपलो, असंच त्यांनी धरलं असतं. गाडी वाचवायची तर बिघाडाचं नाव सांगायला हवं होतं. आणि बिघाडाचं नाव माझं होतं.

फाटक वाजलं. मी म्हटलं, "अहो, इकडे या. चष्मा घालून या."

दुसरी टोपी मी त्यांनाच उघडायला लावली. दांड्याला आलेला पांढरा गोळा त्यांनी बोटावर घेतला, उजेडात धरला, नाकाशी नेला. मग म्हणाले, "हा वास माझ्या ओळखीचा आहे. चाळीस वर्षं शेजारच्या उशीवरून येतोय."

मी सगळं सांगितलं. त्यांनी खिळ्यावरची वही काढली, खंडेनवमीचं पान उघडलं, माझी सही बघितली. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, "दोन्ही डॅशपॉटमधील खोबरेल काढले. योग्य तेल भरले. आधीची नोंद खोटी." खाली सही केली, या वेळी बिनझोकाची.

मग त्यांनी गाडी सुरू केली. गारठ्यात, आठ वाजता. अॅक्सिलरेटर दाबला आणि ती अशी गरजली की शेजारच्यांच्या गच्चीतली कबुतरं उडाली. ह्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. "निघाला नसाल तर निघू नका. हो, सापडला बिघाड. नाही, गाडीत नव्हता."

मला शिक्षा झाली ती दुसऱ्या दिवशी. द्वारकेला जाऊन फीलर गेज परत मागायचं, आणि कारण स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मिस्त्रीने ऐकून घेतलं, हातातला पाना खाली ठेवला आणि पोट धरून हसला. "काकू, म्हंजी गाडीला चंपी केली तुम्ही! आता शिकेकाईनं धुवा तिला." मग फडक्याने पुसून गेज माझ्या हातात ठेवताना एकदम गंभीर होऊन म्हणाला, "बरं झालं नेलंत. काकांचं हत्यार माझ्याकडं ठेवायला मला लय जड जात व्हतं."

घरी आले तेव्हा हे पोर्चमध्ये ऊन खात बसले होते. मी गेज पुढे केलं. त्यांनी एकेक पातं उघडून पाहिलं, मिटलं आणि खिशात टाकलं. मग कठड्यावरची माझी खोबरेलाची बाटली उचलली, त्यातलं वितळलेलं तेल हलवून पाहिलं, आणि ती माझ्या हातात देत म्हणाले:

"कान माझे शाबूत आहेत, एवढं कळलं, बास. यापुढेही तेल तूच घाल. फक्त सही करायच्या आधी मला एकदा वास घेऊ दे."