धुळ्याच्या कार्डाचा वेगळा ड्रायव्हर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी आणि माझा एक मित्र पतपेढ्यांना लिनक्सवर चालणारे संगणक बसवून द्यायचो. मी जळगावात, तो धुळ्यात. पडद्यावर मराठी अक्षरं नीट उमटावीत म्हणून लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, डिस्प्ले ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर काय कसं काढायचं ते संगणकातल्या डिस्प्ले कार्डाला सांगणारा भाग, आम्हीच लिहिला होता. माझी कार्डं मुंबईहून यायची, त्याची इंदूरहून. चिप एकच, पण त्याच्या कार्डाला सुरुवातीला वेगळा वेग ठरवून द्यावा लागे. नाहीतर अक्षरं तिरपी होऊन थरथरत. म्हणून ड्रायव्हरही दोन झाले.

एकात चूक सापडली की दुसऱ्यातही ती दुरुस्त करावी लागे. त्यासाठी तो शनिवारी फ्लॉपी घेऊन एसटीने यायचा. काम तासाभराचं. मग असोद्याच्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवटच्या गाडीपर्यंत गप्पा. मी एकटाच राहायचो. आठवडाभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

एकदा एक दुरुस्ती त्याच्या ड्रायव्हरमध्ये करायची राहून गेली आणि साक्रीच्या पतपेढीचा पडदा ऐन बाजाराच्या दिवशी काळा पडला. मी दोन्ही फायली शेजारी ठेवून पाहिल्या. फरक जेमतेम पानभर होता. पुढच्या शनिवारी जेवताना म्हणालो, "भाऊ, एकच ड्रायव्हर करू. कार्ड आपल्या बनावटीचा नंबर सांगतंच. तो पाहून वेग ठरवायचा."

"दोन्ही भाऊ शेतस, पन एक चुल्हावर नांदतीन का?" तो हसला. मग भाकरी मोडत म्हणाला, "तू तुनाच कार्डवर तपासशी. मनं कार्ड बिघडनं ते तुले कसं समजी?"

शंका रास्त होती. "तुझं एक कार्ड इथं ठेव. दर वेळी दोन्हींवर चालवून बघीन."

त्याने ताटातलं भरीत संपवलं. "बरोबर शे," म्हणाला. आणि हात धुताना, "मंग माले आठे कसाले यानं?"

"इथं येताना लागणारे पारोळ्याचे खड्डे वाचले तुझे," मी म्हणालो.

त्याने कार्ड ठेवलं. एकच ड्रायव्हर दोन्हीकडे उत्तम चालला, साक्रीचा पडदा पुन्हा बिघडला नाही. दुरुस्तीची फ्लॉपी मी टपालाने पाठवू लागलो, आणि शनिवारी तो येईनासा झाला. मीही बोलावलं नाही. एका शनिवारी स्टँडवर जाऊन धुळ्याच्या गाडीत बसलो, पण कंडक्टर तिकिटाला येण्याआधी उतरलो. त्याच्या दारात काय काम म्हणून सांगू, ते ठरेना.

तो निर्णय मी आजही तसाच घेईन. पण हात धुताना त्याने जे विचारलं त्याला खरं उत्तर हवं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी खड्ड्यांवर विनोद केला. भरीत खायला ये, एवढंच म्हणायचं होतं.

त्याचं कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. ते परत करायला म्हणून तरी जाता आलं असतं. तेही सुचलं तोवर तो धुळं सोडून गेला होता.