तुलनेचं जंगल

पान तोडण्याआधी मॅडम ते अंगठ्याने पुसायच्या आणि काळा झालेला अंगठा मला दाखवायच्या. मग म्हणायच्या, "हे वरचं झालं. आत काय चाललंय ते बघू."

मी त्यांच्याकडे पीएचडी करत होते. फरीदाबादच्या कारखान्यांलगतच्या जंगलात आम्ही धौची पानं गोळा करायचो. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद. झाडाला धुराचा त्रास होऊ लागला, की पान हिरवं दिसत असतानाच त्यात प्रोलिन नावाचं द्रव्य वाढतं. प्रयोगशाळेत पानाच्या अर्कात रसायन घातलं, की नळी जितकी लाल होईल, तितकं झाड त्रासात.

मॅडम मूळच्या अकोल्याच्या. इतरांशी हिंदीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत. मी दिल्लीत वाढलेली. मी 'पानाची दांडी' म्हटलं की त्या काम थांबवायच्या. "देठ म्हण. पीएचडीचं मग बघू."

तुलनेसाठी आम्ही गुरुग्रामपलीकडचं एक स्वच्छ जंगल धरलं होतं. एका हिवाळ्यात तिथल्याही नळ्या लाल आल्या. चाचणी पुन्हा केली, तरी तेच. जाऊन पाहिलं, तर टेकडीमागे कचरा जाळायला सुरुवात झाली होती.

विभागप्रमुख म्हणाले, "ये वाला डेटा छोड़ दीजिए. लड़की का साल क्यों ख़राब करना?"

"छोड़ेंगे नहीं, सर. जो आया है, वही लिखेंगे."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मॅडम, माझी फेलोशिप उन्हाळ्यात संपतेय. माझं काय?"

त्या जिन्यात थांबल्या. "तुझं नुकसान आहे. नाही कसं म्हणू?"

तुम्हीही पाहिलं असेल, अशा माणसाशी धड भांडताही येत नाही. मी काही दिवस त्यांच्याशी बोललेच नाही.

मग त्यांनी स्वतःची रजा टाकली आणि तुलनेसाठी नवं जंगल शोधायला मला घेऊन राजस्थानात पार आत गेल्या. वाटभर खोकत होत्या, पण पानांची बर्फपेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्या पानांच्या नळ्या जेमतेम गुलाबी झाल्या. मॅडमनी एक नळी खिडकीपाशी धरली.

"निरोगी धौ असा असतो होय," त्या म्हणाल्या. "विसरलेच होते मी."

प्रबंध वर्षभर उशिरा मंजूर झाला. तोवर त्या निवृत्त होऊन अकोल्याला गेल्या होत्या. मी फोन केला, तेव्हा घरात भाचीच्या लग्नाची गडबड चालली होती. खूश झाल्या. मग विचारलं, "टेकडीमागचा कचरा अजून जाळतात का गं?"

"जाळतात, मॅडम."