शंखजिऱ्याची इस्त्री

प्रयोगशाळेत सगळे त्यांना इस्त्रीमामा म्हणत. क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवायची पूड ते वाटीत भरून काचेच्या पट्टीने अशी दाबत, की तिच्यात बघून भांग पाडावा. स्वतःच्या सदऱ्याला मात्र महिनोन्‌महिने इस्त्री नसे. बायको म्हणे, "माणसापेक्षा माती देखणी."

यंत्र पुडीवर क्ष-किरण सोडी. प्रत्येक खनिज ते आपापल्या ठरलेल्या कोनातून परतवी आणि कागदावर सुळके उमटत. सुळके बघून पुडीत काय काय आहे, ते मामा सांगत.

बावीस वर्षांपूर्वी अंगाला लावायच्या पावडरीच्या एका कारखान्यातलं शंखजिरं तपासायला आलं होतं. मामांनी ‘निर्भेळ’ लिहून सही ठोकली आणि त्याच भरवशावर धाकट्या बहिणीला तिथं डबे भरायच्या कामाला लावलं. कारखाना पुढे बंद पडला. आता तिच्या फुप्फुसाच्या आवरणाला कर्करोग झाला होता.

"ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध?" डॉक्टरांनी विचारलं.

"खाणीत शंखजिऱ्यालगत ते सापडतं कधी कधी. पण छे, तिथलं शंखजिरं मीच तपासलंय," मामा म्हणाले.

तरी मामांनी दुसऱ्या दिवशी कपाटातली त्या नमुन्याची जुनी बाटली काढली आणि सवयीने पट्टी उचलली. शेजारच्या टेबलावरची नवी संशोधक बाई म्हणाली, "मामा, नका दाबू. शंखजिऱ्याचे कण चपटे. दाबले की सगळे आडवे होतात, त्यांचाच सुळका ताडमाड वाढतो आणि थोडंसं दुसरं काही असेल तर झाकलं जातं. बाजूने सैल भरा."

"तीस वर्षं दाबतोय मी."

"म्हणून तर सांगतेय."

मामांनी पूड सैल भरली. पूर्वी जिथं सपाट रेघ होती, तिथं बोटाच्या पेराएवढा सुळका उभा राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूही दिसले. ॲस्बेस्टॉसच.

साहेब म्हणाले, "कारखाना मेला, तुम्ही चार महिन्यांत घरी. कशाला उकरताय?"

"पूड मेली नाही, साहेब," मामा म्हणाले आणि नव्या अहवालात ‘आधीचा निष्कर्ष माझ्या चुकीने’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

मग बहिणीच्या खाटेशी बसून त्यांनी सगळं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तू म्हणालास म्हणून गेले रे मी, दादा."

मामा तिच्या चादरीची सुरकुती हाताने दाबत राहिले.

"आम्ही अठरा जणी होतो," ती धापा टाकत म्हणाली. "कागद घे. नावं सांगते. आज त्यांच्याकडे जा, माझ्याकडे उद्या ये."