रुमाल टाकलेली जागा: ट्रॉय ते अर्विंग

टेक्सासला जायचं नक्की कुणी ठरवलं, हे मला अजून कळलेलं नाही. माझा मुलगा योहान म्हणतो, प्रभूनं ठरवलं. सून सुनीता म्हणते, कंपनीनं ठरवलं. मी म्हणते, ठरवलं कुणीही असेल, मला विचारलं कुणीच नाही.

ऐंशीचं दशक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहायचो. योहान मोटारींच्या कंपनीत ड्रॉइंगं काढायचा. एका शुक्रवारी भरदुपारीच खोका घेऊन घरी आला. खोक्यात कॉफीचा मग आणि टेबलावरची कुंडी. मला वाटलं, बढती मिळाली, खोली बदलली.

"आई, ले-ऑफ केलं."

"म्हणजे सुट्टी?"

"हो," म्हणाला. "मोठी."

त्याच्या आदल्या हिवाळ्यातच आमचे हे गेले होते. जमीन इतकी गोठलेली, की कबर खणायला मशीन आणावं लागलं. योहाननं तेव्हा जोडीनं दोन जागा घेतल्या. एक त्यांची, शेजारची माझी. दगडावरचं नाव मला वाचता येत नाही, पण वरचं मेपलचं झाड ओळखता यायचं. दर रविवारी चर्चनंतर तिथं जाऊन मी यांना आठवड्याच्या बातम्या सांगायचे. यांनी मध्येच न तोडता माझं सगळं ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ.

नोकरी गेल्यावर योहाननं जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं प्रार्थना केली, "प्रभू, वाट दाखव." थोड्याच दिवसांत चर्चमधल्या एका ओळखीच्या माणसाचा टेक्सासातल्या अर्विंगहून फोन आला, इकडे या, काम आहे. सगळे म्हणाले, बघा, प्रार्थना ऐकली. पण त्यानंतर योहान टेबलावर प्रार्थना करेना. "आई, तूच कर," म्हणायचा आणि ताटाकडे बघत बसायचा. मला वाटलं, थकलाय.

निघालो तेव्हा मेपलची पानं गळून गेली होती. गाडीवर गाद्या, गाडीत भांडी आणि भांड्यांच्या मध्ये मी आणि सात वर्षांची नात, रूथ. गावाबाहेर पडताना मी गाडी कबरस्तानाकडे घ्यायला लावली.

एस.टी.नं फिरलेल्यांना सांगायला नको. जालन्याच्या स्टँडवर गाडी लागली, की आमचे हे खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकायचे. रुमाल पडला की जागा आपली. मग मी पिशव्या सावरत राणीसारखी सावकाश चढायचे. त्या दिवशी मी त्यांचाच निळ्या काठाचा रुमाल पर्समधून काढला, शेजारच्या रिकाम्या गवतावर पसरला आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवला. म्हटलं, "आयुष्यभर तुम्ही जागा धरलीत, आता मी धरते. येतेच."

योहान पाठ करून गाडीकडे बघत उभा होता. "चल आई, उशीर होतोय."

तुम्ही या रस्त्यानं जाणार असाल, तर ओहायोत झोपून घ्या, काही चुकत नाही. सपाट जमीन, कापून नेलेला मका आणि वर ओल्या गोधडीसारखं आभाळ. त्या काळी पंचावन्न मैलांच्या वर गाडी हाकायची बंदी होती, त्यामुळे तोच मका फार वेळ बघायला मिळायचा. जेवण घरचं न्या. रेस्ट एरियात बाकं असतात, मोरी स्वच्छ असते. आम्ही पोळ्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. थंडीनं बोटं वाकत नव्हती, पण चटणीनं कान गरम झाले.

सुनीता मांडीवर नकाशा उघडून बसली होती. सिनसिनाटीजवळ रस्त्यांचा असा गुंता आहे, की तिथं नवरा-बायकोनं एका गाडीतून जाऊ नये.

"लेफ्टला घे म्हटलं होतं ना!"

"तू एक्झिट गेल्यावर सांगतेस, यार!"

मी मागून म्हटलं, "वाट प्रभू दाखवतो, पण एक्झिट सुनीताच दाखवणार. भांडू नका." हसलं कुणीच नाही. नदी ओलांडून परत आलो, पुन्हा ओलांडली.

मुक्काम लुईव्हिलच्या पुढे, केंटकीत. मोटेल गुजराती माणसाचं होतं, खोली वीस-बावीस डॉलरला मिळाली. त्याच्या बायकोनं न मागता चहा पाठवला, आल्याचा. बाहेर पाऊस, आत हीटरची घरघर. असा चहा वाटेत मिळाला तर नाही म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी टेनेसीत शिरलो. नॅशव्हिलच्या अलीकडे एका हॉटेलात नाश्त्याला थांबलो. इथं सावध राहा. बिस्कीट मागवलं, तर पावासारखं काहीतरी आलं आणि त्यावर पांढरा रस्सा. मी म्हटलं, "याला फोडणी द्यायची राहिली का?" सुनीता म्हणाली, "आई, हळू बोला." जसं काही टेनेसीला मराठी कळत होतं.

प्रार्थना कोण करणार? योहान ताटात बघायला लागला. मी रूथला म्हटलं, "आज तू. मराठीत केलीस तर माझी जेलीची पुडी तुला."

"ऑल ऑफ इट?"

"सगळी."

तिनं डोळे घट्ट मिटले. "प्रभू येशू, फूडसाठी थँक यू. आजोबांना हॅलो सांग. आणि प्रभू, आमची वाट लाव. आमेन."

तिला म्हणायचं होतं वाटेला लाव, किंवा वाट दाखव. सुनीताला हसू आवरेना. "लागलीच आहे गं, आणखी किती लावायची!" मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रूथ बिचारी विचारतेय, "व्हॉट? व्हॉट डिड आय से?"

योहान मात्र उठून बाहेर गेला. मी शाल घेऊन मागे गेले. तो पार्किंगमध्ये गाडीच्या दाराला हात टेकून उभा होता.

"आई, ती जागा मी परत दिली."

"कुठली जागा?"

"तुझी. बाबांच्या शेजारची. दुसऱ्या एका फॅमिलीला हवी होती. आपल्याला इकडे यायला हातात काहीच नव्हतं."

"कधी दिलीस?"

"निघायच्या आधी."

"मग मी रुमाल टाकला तेव्हा..."

"तेव्हा ती गेलेली होती, आई."

मी गाडीत जाऊन बसले. त्यानंतर नॅशव्हिल आलं, गेलं. तिथं गाण्याबजावण्याचं फार आहे म्हणतात, मला विचारू नका. पुढचे डोंगर, झाडं, मेम्फिस, सगळं काचेवरच्या पावसामागून गेलं. मी योहानशी बोलले नाही आणि देवाशीही बोलले नाही. फक्त मनात एवढं म्हटलं, की लेकरानं वाट मागितली होती, तू ती माझ्या कबरीवरून काढलीस. दुसरीकडून काढता येत नव्हती?

मिसिसिपीवरचा पूल संध्याकाळी लागला. इतकं मातकट आणि इतकं रुंद पाणी मी आधी पाहिलं नव्हतं. रूथ माझ्या मांडीवर झोपली होती. पुलावर गाडी खडखडायला लागली, तशी एस.टी.च आठवली.

एकदा असंच जालन्याला यांनी रुमाल टाकला होता. आम्ही चढलो, तर त्यावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसलेली. मी भांडायला पदर खोचला. यांनी फक्त तिला रुमाल मागितला, त्यानं कपाळ पुसलं आणि खिशात ठेवला. मग औरंगाबादपर्यंत दांडा धरून माझ्या शेजारी उभे राहिले. सगळ्या वाटेत मी त्यांना बोलत होते, तुमच्या रुमालाला काडीची किंमत नाही म्हणून. शेवटी म्हणाले, "अगं, जागा गेली. गाडी तर आपलीच आहे ना?"

तेव्हा मला ते भोळसट वाटले होते. पुलावर वाटले नाहीत. पण राग गेला, असंही समजू नका.

आर्कन्सामधल्या मोटेलात सुनीतानं पलंगावर वर्तमानपत्र पसरून उरलेल्या पोळ्या वाढल्या. मी म्हटलं, "योहान, प्रार्थना कर."

"आई, कुठल्या तोंडानं करू?"

"आहे त्याच. दुसरं बरोबर आणलंय का?"

तो मान खाली घालून म्हणाला, "प्रभू, आमची वाट लाव. आमेन."

रूथनं डोळे उघडले. "डॅड! दॅट्स माय प्रेयर."

"येस," तो म्हणाला, आणि रडायला लागला. मी त्याच्या ताटात चटणी वाढली. त्याहून जास्त क्षमा त्या दिवशी माझ्याकडे नव्हती.

तिसऱ्या दिवशी टेक्सारकाना ओलांडलं आणि स्वेटर काढावे लागले. आभाळ एवढं मोठं, की खाली माणसानं कुठं उभं राहावं समजत नाही. अर्विंगला काम मिळालं, पण फोनवर सांगितलेलं नव्हे. गोदामात माल मोजायचं होतं. योहाननं पुन्हा कधी मोटारीचं ड्रॉइंग काढलं नाही. रूथच्या शाळेच्या वहीवर मात्र कधीतरी एखादं चाक काढून ठेवायचा.

इथंच माझे केस पिकले. आता मराठी किराणा मिळतो, भाकरीचं पीठ मिळतं, मला मावशी म्हणणारी माणसं मिळाली. प्रभूनं वाट दाखवली का? दाखवली असेल. ती मला आवडली, असं मी त्याला अजून म्हटलेलं नाही. रोज मात्र रूथचीच प्रार्थना करते. तिचा अर्थ बरोबर कुठला, ते त्याचं तो बघेल.

रूथ आता मोठी बाई झालीय. मी सांगतेय ते तीच लिहून घेतेय आणि मध्येमध्ये नाक ओढतेय. मागच्या वर्षी कामासाठी ती ट्रॉयला गेली, तेव्हा मेपल शोधत कबरस्तानात जाऊन आली.

"आजी, आजोबांच्या शेजारी एक डोरोथी आहे."

"नवरा?"

"तो पलीकडे."

म्हणजे बाई दोघांच्या मध्ये झोपलीय आणि यांना इंग्रजी धड येत नव्हतं. इतकी वर्षं काय बोलत असतील कोण जाणे. हवामानाचंच बोलत असतील. गोठलेल्या जमिनीत दुसरं काय बोलणार.

"रुमाल?" मी विचारलं.

"नव्हता गं आजी. कसा असेल?"

खरंच, कसा असेल. ज्याचा त्यानं उचलला असेल, कपाळ पुसलं असेल, खिशात ठेवला असेल. माझी जागा आता इथं अर्विंगला आहे, चर्चच्या मागं, एका झाडाखाली. त्या झाडाचं नाव मला येत नाही. शेजारी कुणी नाही. पण वर पोचल्यावर तिथं बसायला मिळालं नाही, तरी यांच्या शेजारी दांडा धरून उभी राहीन. आणि सगळ्या वाटेत त्यांना बोलेन.